खाडीकाठच्या उजाड खाजणात तिवरं परत आणायची आहेत, रोपं लावण्याआधी काय काय बघायचं?

मोरीपलीकडे | ४ मे, रात्री १०:४२

मंडळी नमस्कार, बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. आमचं गाव रायगडात खाडीच्या काठी आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. गावातून जेट्टीकडे रस्ता जातो, त्याच्या आतल्या अंगाला साधारण नऊ एकर सरकारी खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं अशी सखल जमीन, आहे आणि त्याच्या मागे बांध, बांधाच्या मागे लोकांची भातशेती. माझ्या लहानपणी त्या खाजणात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, इतकी दाट होती की चिंबोऱ्या पकडायला शिरलेला माणूस दिसायचा नाही नुसता आवाज यायचा. आता तिथे काही नाही. मेलेली खुंटं आहेत, पावसाळ्यात डबकं आणि आत्ता मे महिन्यात जमिनीवर पांढरं मीठ, चाललं की पापडासारखं मोडतं.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून) आमच्याकडे ३००० रोपं लावली, खाजणात नाही तर खाडीच्या तोंडाशी जो मोकळा चिखल आहे तिथे, सगळी कांदळाची (ही खारफुटीची दुसरी जात), त्या पेन्सिलसारख्या लांब शेंगा असतात ना त्या ओळीने खोचल्या. मीही होतो त्यात, दिवसभर गुडघाभर चिखलात. पुढच्या होळीपर्यंत तीसेक काड्या उभ्या होत्या, आज एकही नाही. फार वाईट वाटलं होतं.

आता आमच्या मंडळाने ५ जूनला परत लागवड ठरवलीये, ४०,००० वर्गणी जमलीये, अर्धी रोपं परत त्याच चिखलावर आणि अर्धी खाजणात. मला दुसऱ्यांदा तेच नको आहे. महिना आहे हातात. कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

अनु_ठाणे | ४ मे, रात्री ११:१५

खूप छान काम! वनखात्याच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाच्या नर्सरी आहेत, तिथे रोपांची चौकशी करा. कांदळ नको असेल तर चिप्पी लावा, पांढरी चिप्पी २०२० पासून आपला राज्य कांदळवृक्ष आहे.

निवटी | ५ मे, सकाळी ७:५०

दादा, रोपांची ऑर्डर आधी थांबवा. मी कांदळवनांवरच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, मोठं होईल.

तुमच्याकडे दोन वेगळ्या जागा आहेत आणि दोघींचं दुखणं वेगळं आहे. पहिली, तो मोकळा चिखल. तिथे कधी कांदळवन होतं का हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बहुतेक नव्हतं असंच सांगतील, कारण ती जागा फार खाली आहे. कांदळवनाचं झाड समुद्रात उगवतं असं आपल्याला वाटतं पण ते समुद्राच्या सरासरी पातळीच्या वरच्या पट्ट्यात उगवतं, एकूण वेळेच्या साधारण ३० टक्के किंवा त्याहून कमी वेळ पाण्याखाली राहतं. खालच्या चिखलात रोप दिवसाचे कितीतरी तास बुडून राहतं, मुळाला हवा नाही, वरून शेवाळ, प्लास्टिक, बार्नॅकल (कडक कवचाचे बारीक समुद्री जीव) चिकटून ते वाकतं आणि मरतं. फिलिपिन्समध्ये अशा चिखलावर वर्षानुवर्षं कोट्यवधी कांदळ लावले आणि जगण्याचं प्रमाण १० ते २० टक्के एवढंच निघालं. मग तिथे का लावतात? कारण तो चिखल कोणाच्या मालकीचा नसतो, वाद होत नाही आणि फोटो चांगला येतो. शिवाय तो चिखल रिकामा नसतो, तिथे शिंपल्या असतात, निवटे असतात, थंडीत हजारो किलोमीटरवरून आलेले तुतवार त्याच्यावर जगतात. एक अधिवास मोडून दुसरा उभा करायचा आणि तोही उभा राहात नाही.

दुसरी जागा खाजण. तिथे जंगल होतं आणि मेलं, म्हणजे जागा बरोबर होती. ते का मेलं ते शोधायचं. फ्लोरिडात रॉबिन लुईस नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की आधी पाण्याचं येणं-जाणं सुधारा, बी आपोआप येतं, नाहीच आलं तरच लावा. तिथल्या वेस्ट लेकला त्यांनी शेकडो हेक्टर जवळजवळ काही न लावता परत उभं केलं. आपल्याकडे तमिळनाडूत पिचावरमला ब्रिटिशांच्या काळापासून पट्टे पाडून तोड झाली, उघडी पडलेली जमीन वाळून खचली, खोलगट झाली, भरतीचं पाणी आत येऊन अडकायला लागलं आणि उन्हाने आटून इतकं खारट झालं की तिवरसुद्धा टिकेना. मग एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्था आणि वनखात्याने माशाच्या काट्यासारखे चर खणले, मधला मोठा, बाजूला तिरके बारके. पाणी यायला-जायला लागलं तशी हिरवळ परत आली.

तुमच्या वर्णनात "डबकं" आणि "पांढरं मीठ" हे दोन शब्द आहेत, मला तिथेच शंका आली. रस्ता कधी झाला आणि खाली मोरी किती मोठी आहे?

मोरीपलीकडे | ५ मे, रात्री ९:३०

ताई, तुमचं वाचून आज संध्याकाळी मुद्दाम जाऊन आलो. रस्ता पूर्वी मातीचा होता आणि खाली लाकडी फळ्यांची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, होती. मी शाळेत असताना डांबरी झाला तेव्हा ती काढून दोन सिमेंटचे पाइप टाकले. आज एकच पाइप दिसतो, तोही निम्मा गाळाने भरलेला. दुसरा कुठे गेला कोणाला माहीत नाही.

आणि आत्याला विचारलं, ती चिखलावर तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जायची. ती म्हणाली तिथे तिवर कधीच नव्हतं, आणि तुम्ही पोरांनी त्या काड्या लावल्यात तेव्हा आम्हाला चार महिने तिथे बसता आलं नाही, पण पोरं चांगलं करतायत म्हणून कोणी बोललं नाही. हे ऐकून मला फार लागलं. आम्ही एकाही बाईला विचारलं नव्हतं.

बांधकरी | ६ मे, सकाळी ६:१०

मी पण रायगडचाच, खारपट्ट्यातला शेतकरी. मला दुसरी बाजू मांडायचीये, कोणी राग मानू नका. आमच्याकडे बाहेरच्या बांधाला खांड पडली, वेळेत बुजवली गेली नाही, दोन उधाणात पाणी आत घुसलं आणि साडेतीन एकर भात गेला. नंतर तिथे तिवरं आली. आता सातबारा माझ्या नावावर आहे पण २००५ सालच्या हायकोर्टाच्या ऑर्डरनंतर तिवर तोडता येत नाही, म्हणजे जमीन माझी आणि मला काही करता येत नाही. मी तिवरांच्या विरोधात नाही, निसर्ग वादळात ज्या गावांपुढे तिवरं होती तिथले बांध वाचलेले मी डोळ्यांनी बघितलेत. पण तुम्ही मोरी मोकळी करणार म्हणजे खाजणात भरतीचं पाणी वाढणार, आणि मागच्या शेतकऱ्याचा बांध कुठे खचलेला असेल तर पहिल्या उधाणाला ते पाणी त्याच्या शेतात जाणार. एकदा खार चढली की दोन-तीन पावसाळे पीक येत नाही. त्या माणसांना विचारलंत का? झाडाच्या आधी तो बांध बघा.

निवटी | ६ मे, सकाळी ९:०५

काका, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि हे मी माझ्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. प्लान म्हणजे नकाशावर हिरवा रंग भरणं नव्हे, पाणी कुठवर येणार आणि कोणाच्या दारात येणार हे आधी मोजणं.

दादा, हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, तीसेक मीटरची. चार ठिकाणी बांबू रोवा: एक चिखलात, एक रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला जिथे जिवंत तिवरं आहेत तिथे, एक आत खाजणात जुन्या खुंटांजवळ आणि एक मागच्या बांधाला लागून. बांबूला खडू चोळून ठेवा, पाणी जिथवर चढेल तिथवर खडू धुऊन जाईल. पौर्णिमेच्या भरतीला आणि अष्टमीच्या भांगाला (सगळ्यात लहान भरतीला), दोन्ही वेळा. मग नळीने चारही बांबूंची पातळी जुळवून वहीत लिहा. जिवंत तिवरांच्या बुंध्याची उंची हाच तुमचा आदर्श, बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं.

खाजणकार | ६ मे, दुपारी १:२०

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे खाजण शेतीत बांधाला मानस असते, लाकडी दारांची, भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. तुमची उघाडी म्हणजे तेच असणार. तिथे पाइप टाकले की पाण्यावरचा ताबा गेला, ना धड शेतीला उपयोग ना तिवराला. आमच्याकडेही मानस सांभाळणारी माणसं कमी झाली तशी खाजणं बिघडली. उघाडी कोण सांभाळायचं ते विचारा गावात, त्या माणसाला पाण्याची सगळी माहिती असते.

वाळूचा_डोंगर | ६ मे, रात्री १०:००

आमच्या किनाऱ्यावरचा अनुभव लिहितो, वेगळा आहे पण चूक तीच. रत्नागिरी जिल्ह्यात आहे मी, कासवांच्या कामात मदत करतो. आमच्या पुळणीवर पूर्वी वाळूच्या टेकड्या होत्या, त्यावर मर्यादावेल, रावणाच्या मिशा आणि मागे केवडा, उंडी. मग हिरवळ हवी म्हणून पार पुढे भरतीच्या रेषेपर्यंत सुरूची झाडं लावली. सुरू आपला नाही, ऑस्ट्रेलियाकडचा, त्याच्या काड्यांचा इतका जाड थर पडतो की खाली वेल टिकत नाही, आणि वाळू धरून ठेवायचं काम तर वेलच करते. धूप सुरू झाली, सुरू आडवे पडायला लागले, मग धूपप्रतिबंधक बंधारा आला, आणि बंधारा जिथे संपतो तिथून पुढची पुळण आणखी जोरात खायला लागली. कासविणीला अंडी घालायला कोरडी वाळूच उरली नाही त्या पट्ट्यात.

आता एका छोट्या भागात आम्ही फक्त दोरी बांधून गाड्या आणि पायवाट बंद केली, मर्यादावेलीचे तुकडे पावसाळ्याच्या तोंडाला वाळूत पुरले. दुसऱ्या वर्षी वेलीने वाळू अडवून गुडघ्याएवढा उंचवटा केला. एवढंच केलंय पण तो उंचवटा बघायला मी रोज जातो.

चेसापीक_काठी | ७ मे, पहाटे ४:३५

मी माहेरची अलिबागची, सध्या मेरीलँडमध्ये. इथे चेसापीक उपसागराच्या काठाने घरं आहेत आणि लोक आपापल्या अंगणापुढे दगडी भिंती घालायचे, भिंत आली की तिच्या पायाशी लाट आपटून गवताळ दलदल धुऊन जायची. २००८ मध्ये इथे कायदा झाला की धूप थांबवायला आधी जिवंत काठच करायचा, तो शक्य नाही हे दाखवलं तरच भिंत. म्हणजे उतार हलका करतात, खारं गवत लावतात आणि पुढे पाण्यात दगडांची बुटकी रांग घालतात, तिच्यात मुद्दाम फटी सोडतात मासे आणि खेकडे यायला-जायला. काठाला सुरुवातीला काथ्याचे जाड लांब गुंडे बसवतात, गवताने मुळं धरेपर्यंत ते माती अडवतात आणि नंतर कुजून जातात. पहिल्यांदा मी तो गुंडा हातात घेतला तेव्हा नारळाच्या सोडणाचा वास आला, आजीच्या परसातला, डोळ्यात पाणीच आलं माझ्या.

पण मोरीपलीकडे दादा, हे जसंच्या तसं तिकडे करू नका. इथे भरती-ओहोटीत फूट-दोन फुटांचा फरक, तिकडे उधाणाला तीन-चार मीटरचा. घ्यायचंच असेल तर त्यांची पद्धत घ्या, एक तर फटी सोडायची आणि दुसरं, आधी साधा उपाय मग भिंत.

पाणकणीस | ७ मे, सकाळी ११:४०

तलावाच्या लोकांनी बोललं तर चालेल का? आमच्या तालुक्याच्या गावी तलावाचं सुशोभीकरण झालं. सगळीकडून उभी दगडी भिंत, वर पेव्हर ब्लॉक, जॉगिंग ट्रॅक. पूर्वी काठ असा हळूहळू पाण्यात उतरायचा, लव्हाळा, पाणकणीस, मग कमळं. पाणी उतरलं की रुंद ओला पट्टा उघडा पडायचा आणि त्यावर शेकाटे चालायचे. आता पाणी भरलं काय उतरलं काय, भिंतीलाच लागून राहतं, काठ असा उरलाच नाही. टिबुकलीला घरटं बांधायला पाणगवत नाही. लोक म्हणतात पक्षी का येत नाहीत, अहो उतरायला जागा कुठे आहे त्यांना!

नांदूर मधमेश्वरला जा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथे कोणी पाणथळ "लावली" नाही. गोदावरीवर बंधारा घातला, मागे गाळ साचला, उथळ पाणी झालं, वनस्पती आल्या, पक्षी आले. उतार आणि उथळपणा मिळाला की बाकीचं येतं. आम्ही आता नगरपालिकेकडे एवढंच मागतोय की उत्तरेच्या एका कोपऱ्यातली भिंत नवीन टप्प्यात घालू नका, तिथे काठ मातीचा राहू द्या, आम्ही बेशरम आणि जलपर्णी काढत जाऊ. अजून हो-नाही चाललंय.

मोरीपलीकडे | २१ मे, रात्री ११:०५

उशीर झाला पण काम केलंय. पौर्णिमा आणि अष्टमी दोन्ही मोजून झाल्या. गावातला गवंडी आमच्याच मंडळातला आहे, तो नळी घेऊन आला. भरतीची वेळ बाबांनी सांगितली, तिथीची पाऊणपट करायची, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. पौर्णिमेला आम्ही साडेदहापासूनच उन्हात बसलो होतो.

आकडे असे. चिखलाची जागा जिवंत तिवरांच्या बुंध्यापेक्षा माझ्या छातीइतकी खाली आहे. म्हणजे तिथे लावणं चूकच होतं. खाजणाची जमीन जिवंत तिवरांपेक्षा फक्त चार बोटं खाली, म्हणजे उंची जवळजवळ बरोबर. पण पौर्णिमेला बाहेरच्या बांबूवर पाणी हातभर चढलं तेव्हा आत सहा बोटंसुद्धा चढलं नाही, आणि जे आत आलं ते तिसऱ्या दिवशीही तिथेच, कोमट, वर हिरवट तवंग. अष्टमीला आत थेंब आला नाही. झाडं मेली ती पाण्याअभावी आणि साचलेल्या पाण्याने, दोन्हीने. हे वहीत आकड्यात बघितल्यावर गवंडी बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला त्या रस्त्याच्या कामावर माझा बाप मजूर होता.

जुनी उघाडी सांभाळणारे आजोबा अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांना रिक्षात घालून नेलं. त्यांनी काठीने रस्त्याच्या कडेला एक जागा दाखवली आणि म्हणाले इथे ठोका. दोन फूट खणल्यावर दुसरा पाइप सापडला, भराव आणि गाळाखाली पूर्ण गाडलेला.

बांधकरी काका, मागच्या बांधावर दहा ठिकाणी पातळी घेतली, दोन ठिकाणी तो खचलाय, पौर्णिमेच्या बाहेरच्या पाण्यापेक्षा जेमतेम वीतभर वर. ज्यांची शेतं आहेत त्या सहाही घरांत जाऊन आलो. एक जण फार चिडले, जे तुम्ही लिहिलंत तेच बोलले. मी तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवली.

बांधकरी | २२ मे, सकाळी ६:२५

पोस्ट वाचून दाखवलीत, बरं वाटलं. वीतभर पुरणार नाही, पावसाळ्यातली उधाणं मेपेक्षा मोठी असतात आणि वरून वारा असतो. हातभर तरी उंच करा, खाजणातलाच चिकण चिखल ढेकळांनी रचा, थर बसू द्या मग दुसरा. मुरूम नका टाकू, तो पाणी धरत नाही. बांध झाल्याशिवाय पाइपाला हात लावू नका.

निवटी | २२ मे, सकाळी ८:४०

दादा, किती सुंदर काम केलंत! आता क्रम असा ठेवा: बांध, मग पाइप, मग एक पावसाळा नुसतं बघणं. आणि कागद विसरू नका. खाजण सीआरझेडमध्ये (किनाऱ्याच्या नियमन क्षेत्रात) येतं, बाहेर तिवरं आहेत, तेव्हा बांधासाठी चिखल काढण्याआधीही ग्रामपंचायतीचा ठराव, कांदळवन कक्षाला आणि खारभूमीच्या कार्यालयाला पत्र, आणि प्रत्यक्ष जागा दाखवणं. आत नवीन चर आत्ताच खणू नका. पाणी आपली जुनी वाट शोधतं का ते बघा, मेलेल्या जंगलातले जुने नाळे गाळाखाली असतात. तिवराचं बी पावसाळ्याच्या शेवटी गळतं, पाण्यावर तरंगत येतं. बाहेर आई-झाडं आहेत, तुम्हाला रोपं विकत घ्यायची गरजच बहुतेक पडणार नाही.

मोरीपलीकडे | ६ जून, रात्री १०:५०

काल ५ जूनला एकही रोप लावलं नाही. मंडळात यावरून दोन मीटिंगा झाल्या, काही जण नाराज आहेत, पाहुण्यांना काय दाखवायचं म्हणून. पण पत्रांवर सगळे येऊन जागा बघून गेले होते, परवानगी हातात होती, त्यामुळे काल चाळीस माणसं बांधावर होती. दोन्ही खचलेल्या जागा हातभर वर आल्या. जे सगळ्यात चिडले होते ते सकाळी सहाला घमेलं घेऊन माझ्या आधी हजर. वर्गणीतले बरेचसे पैसे बांधात गेले, उरलेल्यात पाइप. पाहुण्यांना आत्याने वही दाखवली.

मोरीपलीकडे | ८ ऑक्टोबर, रात्री ९:१५

चार महिने लिहिलं नाही कारण लिहायला काही नव्हतं, बघत होतो. दोन्ही पाइप जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मोकळे झाले. जुलैच्या उधाणात रात्री दोन वाजता आम्ही सहा जण टॉर्च घेऊन बांधावर बसलो होतो, पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं आणि उतरलं. शेतात थेंब नाही. ऑगस्टमध्ये खाजणात मधोमध एक वळणदार नाळ उघडी पडली, आजोबा म्हणाले हीच जुनी.

परवा कोजागिरीला दुपारच्या ओहोटीत आत गेलो. रस्त्यापासून जुन्या खुंटांपर्यंत, पाणी थांबतं त्या रेषेवर, दोन-दोन जाड पानं. आधी वाटलं कचरा. वाकून बघितलं तर तिवराची बी, साल सुटलेली, मूळ चिखलात गेलेलं. आत्याच्या नातवाने आणि मी मोजायला सुरुवात केली, २१४ ला अंधार पडला. नाळेच्या कडेला निवटे पण होते, ते मी पंचवीस वर्षांनी तिथे बघितले.

एक अडचण आहे. वरच्या टोकाला म्हशी शिरतात, पाच-सहा रोपांचे शेंडे खाल्लेत, म्हैस तिवर आवडीने खाते. ज्यांच्या म्हशी आहेत त्यांना चराईला दुसरी जागा नाही, नुसतं कुंपण घालून भागणार नाही. ग्रामसभा पंधरा दिवसांनी आहे. तुमच्यापैकी कोणाच्या गावी हे सुटलंय का, कसं सुटलं ते लिहा.

बांधकरी | ९ ऑक्टोबर, सकाळी ५:५५

आमच्याकडे सुटलंय. नंबर व्यनि (खाजगी निरोप) केलाय, फोन करा, सकाळी सातच्या आत.